ओठांपुरता गुलाबी

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत डांबर पडलं. आधी खडीचे ढीग आले, मग पत्र्याची काळी पिंपं, पिंपांखाली जाळ, आणि दुपारपर्यंत तो वास घराघरांत शिरला. माझी सून खिडक्या लावत सुटली. मी मात्र दारातच खुर्ची टाकून बसले. "डोकं दुखेल हं आई," ती म्हणाली. दुखलं तर दुखलं. डांबराचा वास आला की मला गुलाबी रंग दिसतो, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणेल, आणि तसं ती एरवीही म्हणतेच.

त्याच दुपारी तो माणूस आला. ओल्या डांबराच्या कडेकडेनं, एका लहान मुलीला काखेत घेऊन. आमच्या दुकानात आता झेरॉक्स निघतात आणि पासपोर्टचे फोटो. पाटीही मुलानं बदलली. त्या पाटीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत तो म्हणाला, "आजी, हितं पूर्वी फोटो रंगवून द्यायचे का वो?"

"द्यायचे की."

"आमचा एक टाकलाय रंगवायला."

"कधी टाकला होता?"

तो ओशाळून हसला. "माझ्या जन्माच्या आधी."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. रापलेला चेहरा, डोक्यावर टोपी, जवळपास पन्नाशीचा माणूस. "मेढ्याकडचे का तुम्ही?" मी विचारलं. त्यानं मुलीला खाली उतरवलं आणि मान डोलावली. मी दोघांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि आतल्या खोलीत गेले.

आतल्या खोलीत दोन फोटो शेजारी शेजारी आहेत. एक माझ्या आईचा आणि दुसरा एका शिपायाचा. माझ्या नातवंडांना तो शिपाई माझा मामा वाटतो. मीही कधी नाही म्हटलं नाही. इतकी वर्षं एका भिंतीवर राहिल्यावर माणूस मामाच होतो.

मी त्या दोघांसमोर उभी राहिले. बाहेर रोलर फिरत होता, भिंती थरथरत होत्या, आणि काचेतल्या काचेत दोन्ही चेहरे हलल्यासारखे वाटत होते.

आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हा स्टुडिओ. साताऱ्यात, राजवाड्याच्या खालच्या अंगाला, पुढे दुकान आणि मागे घर. दुसऱ्या महायुद्धाची, लढाईची वर्षं होती. पलटणीत भरती झालेली पोरं बोटीवर चढायच्या आधी फोटो काढून घ्यायला यायची. नवा पट्टा, नवे बूट, आणि पाठीमागे पडद्यावर रंगवलेला तलाव. जावळीच्या डोंगरातल्या पोरांनी तसला तलाव कधी पाहिला नव्हता, पण सगळे त्याच्यापुढे ताठ उभे राहायचे. आप्पा काळ्या कापडात डोकं घालून "हलू नका" म्हणायचे. मग लाल दिव्याच्या खोलीत, ताटातल्या पाण्याखाली, कोऱ्या कागदावर आधी डोळे यायचे, मग मिश्या, मग सगळा माणूस. मला ते बघायची भीती वाटायची आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

आप्पांनी काढलेला काळापांढरा माणूस मग मागल्या पडवीत आईकडे यायचा. त्याला रंग आई द्यायची.

रंगांची लहान पुस्तकं असत, तळहाताएवढी. प्रत्येक पानावर एक रंग वाळवून बसवलेला. नखाएवढा तुकडा कातरायचा, बशीतल्या पाण्यात सोडायचा, की झाला रंग. त्यातलं गुलाबी रंगाचं पान कोरडं असताना गुलाबी नसायचंच. हिरवट सोनेरी दिसायचं, भुंग्याच्या पाठीसारखं. पाण्यात पडलं की त्यातून गुलाबी धागा सुटायचा, वळत वळत तळाशी जायचा आणि एकाएकी सगळी बशी उजळायची. मी कितीदा तरी पाहिलं असेल, पण हिरव्यातून गुलाबी निघताना दरवेळी मी बशीवर ओणवी व्हायची.

आप्पा म्हणायचे, "हे सगळे रंग डांबरातनं काढतात. दगडी कोळसा भाजला की डांबर सुटतं, आणि डांबरातनं हे." आईला ते कधीच पटलं नाही. पोवई नाक्यावर एकदा रस्ता होत होता, तेव्हा नाकाला पदर लावून ती पिंपाजवळ गेली आणि आत वाकून बघायला लागली. "कुठाय तुमचा गुलाबी?" तिनं आप्पांना भर रस्त्यात विचारलं. मुकादम हसला, रोलरवाला हसला, आप्पा लाजून पुढे चालायला लागले. आई मात्र घरी येईपर्यंत मागे वळून वळून त्या पिंपाकडे बघत होती.

आईचं माहेर मिरजेचं, तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीतलं. शेजारचे एक चाचा भोपळ्यावर लाखेचं पॉलिश चढवायचे, त्यात असाच रंग मिसळलेला असायचा. लहानपणी त्यांच्या ओट्यावर बसून आई रंग शिकली. शिकली म्हणजे बघत राहिली. "रंग नेहमी जरा कमीच घ्यायचा," ती म्हणायची. "कमी पडला तर वाढवता येतो की."

पण तिची खरी खूण होती तिची जीभ. कुंचल्याला टोक आणायला आणि जास्तीचा रंग ओढून घ्यायला ती कुंचला ओठांत धरायची, जिभेवरून फिरवायची. त्यामुळे माझ्या आईची जीभ इतर बायकांच्या जिभेसारखी कधी नसायची. शालू रंगवला की हिरवी, तलाव रंगवला की निळी. शाळेतून आले की मी आधी दप्तर टाकायची आणि तिच्यापुढे जाऊन उभी राहायची. "जीभ दाखव."

ती दाखवायची. मग मी विचारायची, "आज कोण?"

"आज वाईची नवरी," ती सांगायची. किंवा, "आज कोरेगावचे पाटील. फेटा बघ कसला जर्द!" पुढे दुकानात गिऱ्हाईक असलं की मात्र बोलताना पदर तोंडावर. आईची जीभ फक्त घरच्यांची होती.

त्या काळात हे रंग कुठं नव्हते? जत्रेतल्या सरबतात होते, पाडव्याच्या साखरगाठीत होते, गुलालात होते. पोस्टातल्या पेन्सिलीत होते, टोक ओलं केलं की जांभळी उमटायची ती. लुगड्यांत तर होतेच. मग लढाई लांबली आणि चांगला रंग बाजारातून गेला. नवी लुगडी पहिल्या धुण्यातच बादलीत उतरायला लागली. बायका नदीवर हिरवी लुगडी घेऊन जायच्या आणि कसल्याशा मळकट रंगाची घेऊन यायच्या, दुकानदाराचा उद्धार करत. दरसाल थोडं थोडं करून सगळं गावच फिकट होत चाललंय असं मला वाटायचं. आमच्याकडे आधीची पुस्तकं शिल्लक होती. आई त्यांतली पानं जपून जपून कातरायची, आणि सगळ्यांत जपून ते गुलाबी पान. कारण गुलाबी ओठांना लागायचा, आणि ओठांच्या बाबतीत आईचा एक रिवाज होता.

फोटो रंगवायला आला की ती पहिल्यांदा विचारायची, "माणूस आहे का गेलं?"

असलेल्या माणसाच्या ओठांना गुलाबी. गेलेल्या माणसाचा फेटा रंगवायची, अंगठीचा खडा रंगवायची, गळ्यातला हारही रंगवायची, पण ओठ तसेच राखाडी सोडायची. मी एकदा कारण विचारलं. "ओठ रंगवले की माणूस आता बोलेलसं वाटतं," ती म्हणाली. "गेलेल्याला बोलतं करू नये." ते तिनं सहज सांगितलं. त्यानंतर किती दिवस मी बाजारात, देवळात, शाळेत, माणसांचे ओठ बघत हिंडायची.

हा रिवाज हळूहळू गावोगाव माहीत झाला. कुणाच्या घरात आमचा फोटो दिसला की पाहुणे आधी ओठ बघायचे आणि मग बोलायला तोंड उघडायचे.

चांगुणा पहिल्यांदा आली ती कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून. तेव्हा पेट्रोल मिळायचं नाही, मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी लावलेली असायची, त्यामुळे मेढ्याची माणसं काजळी माखून उतरायची. ती माझ्याहून फार मोठी नव्हती, पण तिच्या कपाळावर आडवं कुंकू होतं आणि कमरेला चावी. पदरात गुंडाळलेला फोटो तिनं आईपुढे ठेवला. तो शिपाई, म्हणजे तिचा नवरा, आमच्याच तलावापुढे उभा.

"माणूस आहे का..." आई म्हणायला लागली आणि थांबली.

चांगुणेनं फोटोची कड पदरानं पुसली. मग म्हणाली, "सरकारी कागुद आलाय. सापडत न्हाई म्हनत्यात."

"मग?"

"मामंजी म्हनत्यात, दिवस घालून मोकळं हुया. फोटो रंगवून आन, हार घालू." तिनं आईचा हात धरला. "आवं बाई, तुमीच सांगा. हार घालू का?"

आता आमच्या आईला काय माहीत, समुद्रापलीकडे त्या माणसाचं काय झालं ते? तिनं मिरजेपलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. तिनं फोटो उजेडाकडे धरला. मग तिनं गुलाबी पान काढलं आणि कात्रीनं तुकडा कातरला.

आप्पा दारात उभे होते. "अगं, उद्या खरीच बातमी आली तर?"

"तर हा रंग पुसता येईल," आई म्हणाली. "पण तिच्या कपाळावरचं एकदा पुसलं की परत लावू देतील का? सापडत नाही म्हणजे गेला नव्हे."

बशीत गुलाबी धागा सुटला. आईनं कुंचला जिभेवरून फिरवला, श्वास धरला, आणि त्या राखाडी ओठांवर एक थेंब टेकवला. चांगुणा वाकून बघत होती. रंग कागदात मुरला आणि शिपाई एकदम तरतरीत दिसायला लागला, आत्ताच पाणी पिऊन उठल्यासारखा. चांगुणा रडायला लागली आणि रडता रडता हसायलाही लागली.

मागे नाव लिहायचं म्हणून आईनं विचारलं, "नाव काय गं ह्यांचं?" ती कसली सांगतेय! नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणजे तोंडाला पदर, मान खाली. शेवटी आईनं पेन्सिलीनं लिहिलं, "चांगुणेचा."

पुढची गंमत तिच्याकडूनच कळली. पलटणीतली पोरं आमच्याकडे फोटो काढायची, म्हणून मेढ्याकडच्या लोकांचा समज झाला होता की फोटोवाल्याला पलटणीची खबर असते. सासऱ्यानं फोटो हातात घेतला, ओठ बघितले आणि मुकाट्यानं खाली ठेवला. "साताऱ्याच्या बाईनं लाली लावलीय," तो म्हणाला. "तिला ठावं असल्याबिगार लावायची न्हाई." दिवस घालायचं राहिलं. आईनं कपाळावर हात मारून घेतला, पण तो समज तिनं खोडला नाही.

तिच्या घरात फोटो दाराच्या समोर लावला होता, आणि आमचा गुलाबी काही उन्हाला टिकणारा नव्हता. वर्ष सरलं की ओठ फिके पडायचे. पडायला लागले की चांगुणा यायची, भाताची कापणी उरकली की, पदरात फोटो आणि नाचणीची पिशवी घेऊन. "बाई, पुन्हा उतरलं," ती म्हणायची, जसा काही तापच उतरलाय. आई पुन्हा रंग चढवायची. लढाई संपली. पलटणी परत आल्या, स्टेशनावर हार-तुरे झाले, आमच्या तलावापुढे परतलेली माणसं बायकापोरं घेऊन उभी राहिली. चांगुणेचा आला नाही. ती मात्र येत राहिली. दरसाल त्याच्या ओठांना तोच थेंब, आणि दरसाल पुस्तकातलं ते पान कातरून कातरून थोडं आखूड झालेलं.

मग आईच्या तोंडात काहीतरी झालं. काय झालं, कशानं झालं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही नंतर शोधत बसले नाही. तिला तिखट चालेना, मग भाकरी चालेना. आप्पा तिला सातारा रोड स्टेशनवरून आगगाडीनं मिरजेला घेऊन गेले, दवाखान्यात. मीही बरोबर होते. स्टेशनातून टांगा तिच्या माहेरच्या गल्लीवरून गेला. कुणीतरी तंबोऱ्याची तार जुळवत होतं, पुन्हा पुन्हा तोच एक सूर. आईनं टांगा थांबवायला लावला. उतरली नाही, नुसती ऐकत बसली.

दवाखान्यात तिच्या तोंडाला जांभळं औषध लावायचे, कापसाच्या बोळ्यानं. डॉक्टरांच्या बोटांना, उशीला, पाण्याच्या भांड्याच्या काठाला, सगळीकडे ते जांभळं लागलेलं. आप्पा बाटलीकडे बघून हळूच म्हणाले, "हेही डांबरातलंच." मी आईच्या खाटेशी बसले होते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि आपण होऊन जीभ बाहेर काढली. गडद जांभळी.

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आज कोण?"

"आज मीच," आई म्हणाली.

ती हसली होती. मला ते हसू अजून पुसता येत नाही. जांभळाच्या दिवसांत अजूनही घरात वाटी भरून जांभळं आली की मी दुसऱ्या खोलीत जाते.

मिरजेहून घरी आणल्यावर आई गेली. तिला माहुलीच्या स्मशानघाटावर पोचवून आल्यावर घरात फोटो शोधला, तर तिचा फोटोच नव्हता. गावाचे चेहरे रंगवणारी बाई, पण तलावापुढे ती कधी उभीच राहिली नव्हती. शेवटी आप्पांना निगेटिव्हची एक जुनी काच सापडली. नवीन भिंग तपासायला त्यांनी तिला कधीतरी पडवीत बसवलं होतं, आणि ती काहीतरी बोलत असतानाच बटण दाबलं होतं. ओठ जरासे उघडे. आप्पांनी तोच मोठा केला. लुगड्याला हिरवा रंग मी दिला. ओठांपाशी कुंचला नेला आणि आप्पा म्हणाले, "तिचा रिवाज आहे."

रिवाज तिचा होता, पण तिला बोलतं करायचं नाही तर कुणाला करायचं? मला तिचं राहिलेलं वाक्य ऐकायचं होतं. ते उघडे ओठ दिवसभर माझ्यावर असायचे. भांडी घासताना, दिवा लावताना, पडवीत कुणी श्वास घेतल्यासारखं वाटायचं आणि मी वळून बघायची. गुलाबी पानाचा आता एवढासा तुकडा उरला होता, एका माणसाच्या ओठांपुरता. मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आप्पा कधीतरी बाहेरगावी जातील, तेव्हा.

ते परगावी गेले त्या दिवशीच चांगुणा आली.

मी बशीत पाणी घेतलं होतं. कात्री हातात होती. ती पडवीत आली आणि "बाई कुठं हायत?" असं विचारणार, तेवढ्यात तिची नजर भिंतीवर गेली. आधी हिरव्या लुगड्यावर, मग ओठांवर. ती मागे सरकली. दाराच्या उंबऱ्यावर बसली आणि कपाळाला हात लावला. "कवा?" एवढंच म्हणाली.

मी सांगितलं. मग दोघी रडलो. मग तिनं पदरातून फोटो काढला. शिपायाचे ओठ पुरते उतरले होते, राखेसारखे. "मामंजी लय मागं लागल्यात," ती म्हणाली. "आता तर लाली गेली म्हनत्यात. म्हंजी त्यो बी गेला." तिची नजर बशीकडे गेली, कात्रीकडे, माझ्या हातातल्या तुकड्याकडे. "तेवढाच ऱ्हायलाय?"

मी मान हलवली.

तिला समजलं. समजायला काही अवघड नव्हतं. रिकामी बशी होती, आईचा फोटो होता आणि मी होते. बाहेर कुणाचातरी टांगा गेला. मला तो तुकडा मुठीत लपवावासा वाटत होता, आणि तिच्यापुढे टाकून पळून जावंसंही वाटत होतं.

"बाईंना लावा," ती म्हणाली. "त्यांचा हक हाय."

"तुझं काय होईल मग?"

तिचा हात कपाळाकडे गेला आणि कुंकवाला न लागता खाली आला. मी म्हटलं, "ह्यांनाच लावते." ती म्हणाली, "नगं, बाईंना." असं आम्ही कितीतरी वेळ करत राहिलो. दोघींनाही तो हवा होता आणि दोघींनाही घेववत नव्हता. शेवटी चांगुणा उठली. तिनं फोटो उचलला, खुंटी शोधली आणि आईच्या फोटोशेजारी टांगला.

"हितंच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "घरी सांगीन, रंगवाया टाकलाय. फोटोच नसंल तर हार कशाला घालतील?"

मी कात्री खाली ठेवली. "आणि विचारलं तर? कधी मिळणार म्हणून?"

तिनं डोळे पुसले. "सांगीन, अजून वाळला न्हाई."

आईच्या फोटोला तिनं हात जोडले, नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि गेली. मी तो तुकडा पुस्तकात परत ठेवला. त्यानंतर चांगुणा पुन्हा आली नाही. का आली नाही, हे मला कळत होतं. आली असती तर तिला फोटो न्यावा लागला असता.

आप्पा गेले. मग फोटो आपोआप रंगीत निघायला लागले, रंगवायचं कुणी काही आणेना. तलावाचा पडदा उंदरांनी खाल्ला. माझं लग्न झालं, नवरा याच घरात राहायला आला, मुलं झाली, दुकानातला धंदा दोनदा बदलला. पुस्तक मात्र अंधारात, ट्रंकेच्या तळाशी, आईच्या कुंचल्याबरोबर राहिलं. आईच्या ओठांना मला तो लावता आला असता, कुणी अडवणारं नव्हतं. पण त्यात चांगुणेचा वाटा होता. आणि तिच्या शिपायालाही लावता येईना. त्यात आईचा होता. कधीकधी संध्याकाळी त्या खोलीत दिवा लावायला गेले की वाटायचं, दोघं बोलत होती आणि मी आल्यावर गप्प बसली.

मी शिपायाचा फोटो उतरवला आणि बाहेर घेऊन आले. माणूस उठून उभा राहिला. "ह्योच," तो म्हणाला. "म्हंजी मी कवा बघितला न्हाई, पर ह्योच असनार." तो चांगुणेच्या धाकट्या दिराचा मुलगा, आणि बरोबरची त्याची नात.

"काकी गेल्या म्हैन्यात गेली," तो म्हणाला.

मी खुर्चीत बसले.

"आमचा आजा हुता तवर दरसाल इचारायचा, फोटो कवा आनायचा? काकी म्हनायची, अजून वाळला न्हाई. आमी पोरं लय हसायचू. मोठं झालू तवा समाजलं, मग कुनीच इचारलं न्हाई." तो फोटोवर न टेकवता हात फिरवत होता. "कपाळ शेवटपतूर तसंच ऱ्हायलं तिचं. हिरवा चुडा भरून न्हेली, मळवट भरून. आख्खं गाव पाया पडलं. जायच्या आदी मला म्हनाली, आता जाऊन फोटो आन. आता वाळला आसंल."

रोलर थांबला होता. गल्लीत गरम डांबराचा वास नुसता तुंबून राहिला होता. "नाव काय हो ह्यांचं?" मी विचारलं.

"चुलत्याचं? ज्ञानदेव. ज्ञानू म्हनायची समदी."

ज्ञानू. इतकी वर्षं माझ्या घरात राहिलेल्या माणसाचं नाव मला त्या दिवशी कळलं.

"जरा बसा," मी म्हटलं. "थोडं काम राहिलंय ह्याचं."

फोटो आत नेला, चौकटीची काच काढली आणि ट्रंक उघडली. पुस्तकातला तुकडा होता तसाच होता, हिरवट सोनेरी. बशीत पाणी घेतलं आणि तो सोडला. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्याच्या कडेनं एक बारीक धागा सुटला, वळत वळत खाली गेला आणि बशी उजळली. मी भिंतीकडे बघितलं. आईचे ओठ तसेच, जरासे उघडे. सापडत नाही म्हणजे गेला नव्हे, असं तिनंच म्हटलं होतं. आणि ती स्वतः गेलेली, हे तर आम्हाला ठाऊकच होतं. "तुझं राहिलं गं," मी तिला म्हटलं.

कुंचला जिभेवरून फिरवला. कडवट, जुनी चव. चष्मा सारखा केला, श्वास धरला, आणि ज्ञानूच्या ओठांवर थेंब टेकवला.

ती लहान मुलगी कधी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली होती, कळलंच नाही. ती फोटोकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. "आजी, तुमची जीभ गुलाबी झालीया!"

मी पटकन पदर तोंडाला लावला. अगदी तसाच. आणि मग पदराआड मला रडू आलं, त्या इतक्या वर्षांचं.

मुलीमागून आत आलेल्या तिच्या आजोबानं पिशवीतून नवा पंचा काढला होता, फोटो गुंडाळायला. त्यानं हात पुढे केला.

"थांबा, हात लावू नका," मी म्हटलं. "अजून वाळला नाही."